दुपारी गाडी वळवायची असते

गॅरेजचं शटर अर्धवट वर सरकवलेलं होतं आणि आतून कुणीतरी, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखं, अगदी हळू आवाजात विचारत होतं, "बाहेर... कुणी आहे का?"

ती छत्री मिटून वाकली आणि आत डोकावली.

सकाळपासून भुरभुर चालली होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. आतल्या अंधारात आधी तिला काहीच दिसेना. मग एक भलीमोठी काळी मोटरसायकल दिसली, भिंतीकडे कललेली. आणि मोटरसायकल नि भिंत यांच्या मधे एक माणूस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही हात हँडलवर, गाल भिंतीला चिकटलेला.

"भाड्याने द्यायचं गॅरेज ते हेच का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हेच. म्हणजे अर्धं," तो भिंतीशीच बोलला. "उरलेल्या अर्ध्यात... आम्ही."

"अडकलाय तुम्ही!"

"थोडासा."

"मग जोरात ओरडायचं ना!"

"वर आई आहे." त्याने आवाज आणखी खाली आणला. "तिला कळायला नको."

तिने छत्री कोपऱ्यात टाकली, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या या बाजूला आली. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यांची कव्हरं शिवणं हा तिचा धंदा. जड सामान एकटीने हलवण्यात तिची उमर चालली होती.

"मी इकडून ओढते. तुम्ही हाताने ढकलू नका, पाठ लावा."

"पाठच तर गेलीये माझी."

"मग कंबर लावा."

"ती पाठीच्या शेजारीच राहते हो..."

तिला हसू आलं, पण हसलं की जोर जातो, म्हणून तिने ओठ घट्ट मिटले. सीटमागची कडी आणि हँडल धरून तिने सगळं अंग मागे टाकलं. गाडी कुरकुरली, हळूहळू सरळ झाली. तिने पायानेच साइड स्टँड खाली ओढला. गाडी तिच्या बाजूला टेकली आणि मागून तो बाहेर आला. एका गालाला चुना, चष्मा वाकडा. श्वास घेत तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत नव्हे, जरा खाली.

"तुमचे दात फार छान आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... सॉरी! सवय आहे. मी कवळ्या बनवतो. लॅबमध्ये."

आता मात्र ती मोठ्याने हसली. आणि तिच्या लक्षात आलं की तो हसला नाही. हसण्याच्या अगदी कडेपर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची होती. गेल्या थंडीत थोरल्याच्या छातीत दुखलं. स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून आई घराबाहेर पडली नव्हती. दिवसातून एकदाच ती खाली उतरायची, दुपारी, गाडी पुसायला. भिंतीकडची बाजू तिच्या हाताला लागायची नाही. म्हणून एक बाजू पुसून झाली की गाडी अख्खी फिरवून, तोंड होतं तिथे शेपूट आणून ठेवायची.

"मग चालू करून बाहेर काढायची, वळवायची," ती म्हणाली.

"इंजिनचा आवाज चालत नाही आईला."

"विकायची..."

त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. तिने जीभ चावली.

"थोरला गप्पा मारता मारता फिरवायचा," तो गाडीकडे बघत म्हणाला. "एका मांडीने रेटायचा, बस्स. मी घरातला हलका माल."

*

तिने अर्धं गॅरेज घेतलं. आजवर ती दुसऱ्यांच्या दुकानांत, दुसऱ्यांच्या मशीनवर बसली होती. आता स्वतःचं मशीन आलं, रेक्झिनचे गुंडाळे आले, फोमचे तुकडे आले. एक भिंत तिची, एक गाडीची आणि मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट.

जेवणं उरकली की जिन्यावर पावलं वाजायची. काकू, म्हणजे त्याची आई, यायच्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात मऊ फडकं. टाकीपासून सुरुवात करायच्या. मग सीट, मग चाकाची एकेक तार. कुणाशी बोलणं नाही. एक बाजू झाली की जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायच्या आणि वाट बघायच्या. धाकटा यासाठीच लॅबमधून घरी यायचा. हँडल वळव, पुढे ढकल. उलटं वळव, मागे ओढ. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शर्ट पाठीला चिकटायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. गाडी वीतभर सरकायची, परत अडायची.

राहू दे, असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या कठोर नव्हत्या. त्यांना गाडी दिसायची, गाडी ढकलणारा दिसायचा नाही, इतकंच.

मशीनवरून मान वर न करता ती सगळं बघायची. आई वर गेली की तो भिंतीला टेकून कमरेवर हात दाबायचा. मग तिच्याकडे लक्ष गेलं की हात खाली.

"तोंडात टाचण्या धरू नका," एकदा तो म्हणाला. शिवताना चार टाचण्या दातांत धरायची तिची सवय होती. "पुढच्या दाताला खाच पडते. म्हातारपणी माझ्याकडेच यावं लागेल."

"म्हणजे म्हातारपणी तुम्ही इथेच असणार?" टाचण्या न काढताच ती म्हणाली.

"आणखी कुठे? गाडी आहे ना."

"मी आपली विचारून ठेवते. चांगला कवळीवाला मिळणं कठीण."

"टाचणीच आहात अगदी," तो पुटपुटला आणि कान लाल करून कामाला निघून गेला.

तेव्हापासून ती टाचणी झाली आणि तो कवळी.

जड गाडी कमी त्रासात हलवायचे उपाय सुरू झाले ते त्यानंतर. गाडी वर चढवून फिरवायचे चाकांचे तयार पाट दुकानात मिळायचे. किंमत ऐकून 'विचार करून सांगतो' म्हणत तो पायऱ्या उतरला होता. मग तिने तिचीच युक्ती काढली. सोफ्याच्या पायांखाली कार्पेटचा तुकडा घालून ओढला की सोफा मुकाट येतो. दोघांनी मिळून गाडी डबल स्टँडवर चढवली, खाली कार्पेट सरकवलं आणि ओढलं. कार्पेट आलं, गाडी तिथेच.

"सोफा ऐकतो हो माझं," ती खजील होऊन म्हणाली.

"सोफ्याला चार पाय असतात. हिला अहंकार आहे."

पुढचा उपाय त्याचा. गुळगुळीत पत्रा, त्यावर साबणाचं पाणी आणि त्यावर डबल स्टँड. गाडी जागच्या जागी गर्रकन फिरेल, असा त्याचा हिशोब. आणि फिरली! इतकी झकास फिरली की तोही तिच्यामागून फिरला. पाय सटकला, चष्मा उडाला आणि तो साबणात फतकल मारून बसला. डोक्यावर फेसाचा एक गोळा. तिने गाडी घट्ट धरून ठेवली होती, पण तिला हसू आवरेना. आणि मग तो हसला. पहिल्यांदाच, छातीतून, मोकळा, गडगडाटी. एवढ्या बारीक माणसात एवढं हसू कुठे मावलं होतं कोण जाणे.

जिन्यावर धावत पावलं आली.

"कोण हसलं?"

काकू कठडा धरून उभ्या होत्या. चेहरा उजळलेला, ओठ थरथरणारे. तिने काकूंना असं कधी बघितलं नव्हतं. त्यांची नजर गॅरेजभर फिरली. गाडीवर, दारावर, दाराबाहेर. आणि शेवटी साबणात बसलेल्या धाकट्यावर येऊन थांबली.

"मी हसलो, आई."

काकूंच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू विझला. "तू होय," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

तो बराच वेळ उठला नाही. पाणी पाझरत पाझरत दारापर्यंत गेलं.

"आमचं दोघांचं हसणं सारखं होतं," शेवटी तो म्हणाला. "सगळे म्हणायचे. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

तिने चष्मा उचलला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि त्याच्या हातात ठेवला. बोटं क्षणभर बोटांवर राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "कपडे ओले झालेत तुझे."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

*

चाकांचा पाट आपणच करायचा, असं ठरलं. जाड लाकडी फळी, गाडीएवढी लांब, कोपऱ्यांना सगळीकडे फिरणारी चाकं. फळी तिच्याकडे होती, एका मोडक्या पलंगाची. चाकं भंगारवाल्याकडे बघायची होती.

भंगाराच्या आवारात सगळीकडे गंजाचं लाल पाणी साचलं होतं. भंगारवाल्याने पोत्यातून चार चाकं काढून पुढे ठेवली. "ही घ्या. दवाखान्याच्या खाटेची आहेत. आवाजसुद्धा नाही."

त्याने एक चाक उचलून बोटाने फिरवलं. चाक फिरत राहिलं. सूं... असा बारीक, गुळगुळीत आवाज. तो ऐकत राहिला. चाक थांबल्यावरही ऐकत राहिला. त्याचा हात तसाच हवेत होता आणि चेहऱ्यावर दवाखान्यातला लांब, पांढरा, फिनेलचा वास येणारा एक रस्ता पसरत गेला होता. तिला दिसला तो. त्या रस्त्यावरून काय ढकलत नेलं असेल, तेही दिसलं.

"ही नकोत," ती भंगारवाल्याला म्हणाली. "दुसरी दाखवा."

"अहो, यांच्यासारखी..."

"आवाज करणारी दाखवा."

मिळाली. पावाच्या भट्टीतल्या ट्रॉलीची, काळी, खडबडीत, खडखडणारी. करपलेल्या पिठाचा वास अजून गेला नव्हता. परतताना एक छत्री दोघांत होती. पिशवी त्याच्या हातात, छत्री तिच्या. कोपऱ्यावर वळताना तो म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"काय?"

"काही नाही."

छत्री जरा त्याच्याकडे झुकली. तिचा उजवा खांदा घरापर्यंत भिजला आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. त्या रात्री अंथरुणात पडल्यावर तिने स्वतःशी कबूल केलं... हे आता चाकांपुरतं राहिलेलं नाही.

पाटाचं काम रोज संध्याकाळी चालायचं, मशीन बंद झालं की. तो फळीला भोकं पाडायचा, ती स्क्रू पिळायची. अशाच एका संध्याकाळी, भुसा फुंकता फुंकता, तो सहज म्हणाला, "मोठ्या लॅबचा परत फोन आला होता."

"कुठली मोठी लॅब?"

त्याने शहराचं नाव सांगितलं. इथून अर्ध्या दिवसाची वाट. थोरला गेला त्याच्या आधी त्याची तिथे निवड झाली होती. नवी यंत्रं, शिकवणारी माणसं. तिथे माणसाचा चेहरा बघून त्याला शोभेल असा दात घडवतात, नुसता भरायचा म्हणून भरत नाहीत. बोलताना त्याचे हात हवेत दात घडवायला लागले होते. तिने ते हात पहिल्यांदाच असे बघितले.

"अजून जागा ठेवलीये म्हणतात."

"मग?"

"मग काय? गाडी कोण वळवणार?"

तिच्या हातातला स्क्रू अर्धा आत गेला होता, अर्धा बाहेर. ती तशीच बसून राहिली. हा पाट झाला की गाडी कुणालाही वळवता येईल. कुणालाही. काकूंनासुद्धा.

एक चाक जरासं तिरकं बसवलं तर? कुणाला कळणार होतं? पाट अडखळेल, तो म्हणेल, जाऊ दे, मीच ढकलतो. आणि रोज दुपारी येत राहील. दातांवरून बोलेल, कान लाल करेल. भिंतीला टेकून कमरेवर हात दाबेल...

तिने स्क्रू पिळला. शेवटपर्यंत, मनगट दुखेपर्यंत. मग चारही चाकं पुन्हा एकदा तपासून पाहिली.

*

सुट्टीच्या दिवशी दोघांनी फळीचा उतार करून गाडी पाटावर चढवली. दोन वेळा घसरली, तिसऱ्यांदा चढली. दोघांचेही श्वास फुलले होते. दुपारी काकू खाली आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

"हे काय केलंत?"

"हात लाव ना, आई," तो म्हणाला. "जोर नको. नुसता हात."

काकूंनी फडकं खांद्यावर टाकलं, सीटवर तळहात ठेवला आणि भीत भीत रेटलं. चाकं खडखडली. गाडी हलली. काकूंनी दचकून हात काढला, परत ठेवला. गाडी वळली. अर्धी, मग पूर्ण. भिंतीकडची बाजू त्यांच्यासमोर आली. त्या पुसायला वाकल्या नाहीत. त्यांनी गाडी परत फिरवली. मग परत. ओठांवर काही नव्हतं, पण डोळे पहिल्यांदाच दुसरं काहीतरी बघत होते. त्यांची नजर धाकट्याकडे गेली. तो भिंतीला टेकला होता, हात कमरेवर.

"तुझी पाठ दुखते?"

त्याने घाईघाईने हात काढला. "नाही गं."

"कधीपासून दुखते?"

काकूंनी मशीनवर बसलेल्या तिच्याकडे बघितलं. "तू सांग गं. कधीपासून?"

"मी आले तेव्हा दुखतच होती, काकू."

काकू पायरीवर बसल्या. फडकं मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत, उलगडत राहिल्या. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"त्या लॅबवाल्यांना हो म्हण," त्या म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीपलीकडे फोनवर बोलतोस. मी बोलत नाही म्हणून मला ऐकूही येत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्यांनी नाक पुसलं. "एक गेला. दुसऱ्याला मी गाडीला बांधून ठेवला होता. जा तू. मला वळवता येते आता."

तो आईकडे बघत नव्हता. तो मशीनकडे बघत होता. तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या जाईना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो खाली आला. आभाळ इतकं खाली उतरलं होतं की दिवसाच दिवा लावावा लागला होता. तिच्यासमोर कुणाच्या तरी आरामखुर्चीची सीट उलटी पडली होती.

"झालं भरून सामान?" तिने विचारलं.

"झालं." तो वाटेतच उभा राहिला. "टाचणी..."

"हं."

"पाट फारच चांगला झाला."

"पावाच्या भट्टीची चाकं. वजनाची सवय आहे त्यांना."

"तुला ठाऊक होतं ना? हा झाला की मी..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "तरी केलास?"

तिने कापडाची घडी मोडली, परत घातली. तो पुढे आला, मशीनच्या कडेवर त्याने बोटं टेकवली. नखांत पांढरं प्लास्टर होतं, नेहमीसारखं.

"एक शब्द बोल," तो म्हणाला. "फक्त एक. मी नाही जात."

तिने वर बघितलं. चष्म्यामागे त्याचे डोळे अगदी जवळ होते. एक शब्द तर होताच, जिभेवरच होता. तो बोलला की हा राहील. आनंदाने राहील. आणि काकू परत गप्प होतील. आणि मग कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, याचे हात हवेत दात घडवता घडवता मधेच थांबतील...

तिने डबीतून टाचण्या घेतल्या. एक, दुसरी, तिसरी. सगळ्या दातांत धरल्या. ओठ मिटले.

तो बघत राहिला. मग त्याने मान हलवली, अगदी हळू.

"खाच पडेल," तो म्हणाला. "सांभाळ."

शटरखालून वाकून तो बाहेर गेला. तिने सीटला टाचण्या लावायला घेतल्या, पण सीट दिसेनाशी झाली होती.

*

त्यानंतरचे दिवस सगळे एका रंगाचे गेले. पाऊस संपला आणि धुकं आलं. धुकं गेलं तर ढग तसेच. मशीन चालत होतं, गिऱ्हाइकं येत-जात होती. काकू दुपारी खाली यायच्या, पाट फिरवून गाडी पुसायच्या. आता जाताना दोन शब्द बोलायच्या. धाकट्याचा फोन आला होता. खोलीला एकच खिडकी आहे, ती पलीकडच्या भिंतीवर उघडते. काम चांगलं आहे. जेवतो म्हणतो, पण काय जेवत असेल.

तिला तो फोन करायचा नाही. तिनेही केला नाही. टाचण्या दातांत धरल्यावर काय बोलणार?

मग काकू तापाने पडल्या. तिने वर जाऊन औषध दिलं, पेज करून भरवली. खाली आली तर दुपार झालेली. गाडीवर धुळीचा पातळ थर बसला होता. तिला ते बघवेना. थोरल्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं. तरी तिने फडकं घेतलं. टाकी, सीट, चाकाची एकेक तार. पाट फिरवला. दुसरी बाजू. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती मागच्या चाकाशी वाकली होती आणि मागून आवाज आला.

"तू का पुसतेस?"

काकू शाल पांघरून जिन्यात उभ्या होत्या. अंगात अजून कणकण होती.

"धूळ बसली होती, काकू."

"धूळ मशीनवरही बसली आहे. ती नाही पुसलीस." काकू एक पायरी उतरल्या. "तुझा कोण होता गं तो?"

"माझे कुणी नव्हते. मी तर त्यांना..." तिने फडकं पिळलं. कोरडंच फडकं. "पण ज्याचे ते भाऊ होते... तो..."

"तो काय?"

"तो माझा आहे," ती म्हणाली. म्हटल्यावर तिलाच धक्का बसला. "म्हणजे मला तसं वाटतं. त्याला मी सांगितलेलं नाही."

काकूंनी जिन्याचा कठडा धरला. तिला वाटलं, संपलं. आता गॅरेज सोडा म्हणतील.

"मग मला काय सांगतेस?" काकू म्हणाल्या. "त्याला सांग की."

"तेव्हा सांगितलं असतं तर गेला नसता तो."

"माहीत आहे मला. जिन्यात होते मी." शाल सावरत त्या पायरीवर बसल्या, तिच्याकडे बघत. "पण आता गेलाय ना? झालं त्याचं जाणं. आता कशाला गप्प बसायचं? एकदा माझं माणूस मला काही न सांगता, मी काही न बोलता गेलं. रोज इथे येऊन मी कुणाशी बोलत असते असं वाटतं तुला?"

तिने काकूंच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. काकूंचा गरम हात तिच्या केसांवर आला. अवघडून, सवय मोडलेल्या हातासारखा.

*

पहाटेची बस धरून ती दुपारी त्या शहरात पोचली. लॅब एका करड्या इमारतीत होती. आत काचेच्या कपाटांत ओळीने कवळ्या मांडलेल्या, सगळ्या हसणाऱ्या. तिने त्याचं नाव सांगितलं आणि उभी राहिली. बसावंसं वाटेना.

तो आतून आला. पांढरा कोट, दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या प्लास्टरने भरलेले. तिला बघून आधी त्याचा चेहरा फुलला आणि लगेच पांढराफटक पडला.

"आई...?"

"बरी आहे!" ती घाईने म्हणाली. "ताप आला होता, उतरला. त्यांनीच पाठवलंय. काही झालेलं नाही, खरंच."

त्याने डोळे मिटले, श्वास सोडला. असल्या बातमीची वाट बघायची त्याला सवय झाली होती. तो वाळला होता. गालांवर खड्डे पडले होते.

"मग तू इथे कशी?"

"काम होतं."

"काय काम?"

"तू एक शब्द मागितला होतास," ती म्हणाली. "आणलाय."

कपाटातल्या सगळ्या कवळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि तो शब्द त्याला सांगितला. एक होता तो, पण सांगताना त्याचे बरेच झाले. छत्री, भिजलेला खांदा, शेवटपर्यंत पिळलेला स्क्रू, सगळं त्यात आलं. तो ऐकत राहिला, हात हवेत धरून, कुणी 'हात वर' म्हटल्यासारखा.

"रोज संध्याकाळी त्या खिडकीत बसतो," तो म्हणाला. "समोर भिंत. मी म्हणायचो, नाही बोलली म्हणजे नसेलच काही. माझीच समजूत. दुसऱ्या दिवशी परत तिथेच."

"सॉरी."

"सॉरी काय? तू बोलली असतीस तर आज मी इथे नसतो." त्याने एक पाऊल पुढे टाकलं. "आणि इथे मला बरं वाटतं, टाचणी. कामात. फक्त कामात."

"मला संध्याकाळच्या बसने परत जायचंय," ती म्हणाली. "काकू एकट्या आहेत. आणि माझं दुकान आत्ता कुठे लागलंय रांगेला. मी तिथून नाही हलणार लगेच."

"मीही इथून नाही हलणार. निदान शिकून होईपर्यंत."

"मग कसं करायचं?"

"माहीत नाही." तो हसला. छातीतून, मोकळा, गडगडाटी. आतून कुणीतरी डोकावून गेलं. "महिन्यातून एकदा मी येईन. एकदा तू ये. मधे फोन. बाकीचं... बघू."

"थोडं आहे," ती म्हणाली.

"थोडंच आहे."

तिने हात पुढे केला.

"अगं, नको, माझे हात..."

"असू देत."

तिने त्याचा हात धरला. प्लास्टर दोघांच्या बोटांमधून बाहेर आलं, थंड आणि चिकट. काचेबाहेर तेच ते मळकट आभाळ होतं. खाली बसचे भोंगे वाजत होते. हळूहळू प्लास्टर घट्ट व्हायला लागलं आणि घट्ट होता होता गरम होत गेलं. तिने चकित होऊन वर बघितलं.

"होतं तसं," तो हळूच म्हणाला. "सुकताना. चल, नळाखाली धुऊ या. नाहीतर हात सुटायचे नाहीत."

"थांब ना जरा..." ती म्हणाली. "अजून गरम आहे."